हिप्परग्याचे मुख्याध्यापक

शिक्षकाची परीक्षा कोणी घ्यावी, कशाच्या आधारे घ्यावी आणि तिच्या निकालाचे पुढे काय करावे, हा प्रश्न आज महाराष्ट्रातील प्रत्येक जिल्हा परिषद शाळेच्या दाराशी येऊन उभा राहिला आहे. पहिली ते आठवीच्या ज्या शिक्षकांची सेवा पाच वर्षांहून अधिक उरली आहे त्यांनी दोन वर्षांच्या आत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी दिला. ज्यांची सेवा त्याहून कमी उरली आहे त्यांची नोकरी शाबूत राहिली, परंतु बढती हवी असेल तर त्यांनाही याच परीक्षेची अट घालण्यात आली. विद्यार्थ्यांच्या बाबतीतही कसोट्या वाढल्या आहेत. २०२३-२४ पासून राज्यात पायाभूत आणि संकलित चाचण्यांचे सत्र सुरू झाले. पाचवी व आठवीच्या वार्षिक परीक्षा २०२३ च्या नियमबदलाने परत आल्या. ४ डिसेंबर २०२४ रोजी तिसरी, सहावी आणि नववीच्या निवडक वर्गांचे राष्ट्रीय सर्वेक्षण झाले. शिक्षक संघटना या साऱ्याविषयी नाराज आहेत, तर पालकांना यात काही गैर वाटत नाही. दोन्ही बाजूंचे म्हणणे अगदी टाकाऊ नाही.

अशा वेळी लोहारा तालुक्यातील शिक्षकांनी आपल्याच तालुक्यातील एका जुन्या मुख्याध्यापकाचे चरित्र नव्याने वाचावे, अशी सूचना करावीशी वाटते. हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेचे हे मुख्याध्यापक म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते म्हणून सतरा सप्टेंबरला त्यांच्या प्रतिमेला हार घातला जातो. परंतु या नेत्याची घडण शिक्षकाच्या खुर्चीत झाली, याची आठवण त्या दिवशी क्वचितच कोणी काढतो.

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३ चा, आजच्या कर्नाटकातील. घरची स्थिती बेताची. सोलापूरला शालेय शिक्षण चालू असताना असहकाराची हाक आली आणि या मुलाने सरकारी मान्यतेच्या शाळेकडे पाठ फिरवली. पुढचे शिक्षण अमळनेरच्या राष्ट्रीय शाळेत आणि पुण्यातील टिळक महाराष्ट्र विद्यापीठात झाले. हे विद्यापीठ १९२१ साली, सरकारी विद्यापीठांना पर्याय म्हणून स्थापन झालेले. तेथे त्यांनी लोकशाहीच्या विकासावर प्रबंध लिहून पदव्युत्तर पदवी मिळवली. सरकारी कचेरीच्या लेखी या पदवीची किंमत शून्य होती. आजच्या भाषेत सांगायचे तर हा उमेदवार अर्हतेच्या पहिल्याच रकान्यात बाद झाला असता. नंतर काही काळ त्यांनी कामगार नेते ना. म. जोशी यांचे सहायक म्हणून काम केले. कामगारांच्या प्रश्नांचा अभ्यास तेथे झाला, परंतु प्रकृतीने साथ दिली नाही आणि ते त्या कामातून बाहेर पडले.

१९२९ च्या सुमारास ते हिप्परग्याला आले. ही शाळा व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी १९२१ साली सुरू केली होती. निजामाच्या राज्यात, आडवळणाच्या एका खेड्यात, कोणत्याही सरकारी मदतीवाचून अशी शाळा काढणे म्हणजे काय, हे समजण्यासाठी तेव्हाची शैक्षणिक व्यवस्था ध्यानात घ्यावी लागेल. मराठवाड्यातील मुलाची मातृभाषा मराठी, पण प्राथमिक इयत्तांच्या पुढे माध्यम उर्दू. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचेही माध्यम उर्दूच. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयोग स्वतःपुरता मोठा होता. परंतु ती देशी भाषा बहुसंख्य प्रजेची नव्हती, यातच त्याची मर्यादा होती. खाजगी शाळा काढायची तर सरकारी परवानगी लागे आणि सभा भरवण्यावरही बंधने होती. शाळेत काय शिकवले जाते यापेक्षा शाळा कोणाची आहे, याची चौकशी राज्ययंत्रणेला अधिक महत्त्वाची वाटत होती. या धोरणाचा ताळेबंद १९५१ च्या जनगणनेने मांडला. हैदराबाद राज्यात साक्षरतेचे प्रमाण शेकडा दहाहूनही कमी भरले.

हिप्परग्याच्या शाळेचे प्रमाणपत्र घेऊन कोणाला तहसिलीत कारकुनी मिळणार नव्हती. तरीही पालक तेथे मुले पाठवत होते. राष्ट्रीय शाळांच्या रीतीप्रमाणे पुस्तकी विषयांच्या जोडीला सूतकताई, व्यायाम आणि श्रम यांना तेथे स्थान होते. शिक्षकांचे राहणे विद्यार्थ्यांसारखेच साधे होते. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारी या शाळेत होते. १९३२ साली व्यंकटेश खेडगीकरांनी संन्यासदीक्षा घेतली आणि ते रामानंद तीर्थ झाले. संन्यास घेऊनही ते मठात गेले नाहीत, वर्गातच राहिले. हिंदुस्थानात संन्यासी पुष्कळ झाले, परंतु हजेरीपट आणि खडू हाती ठेवणारे थोडे.

१९३५ च्या सुमारास ते अंबाजोगाईला गेले आणि योगेश्वरी नूतन विद्यालयाच्या कामात त्यांनी स्वतःला गुंतवले. परांजपेही तेथे त्यांच्या बरोबर होते. मराठवाड्यातील पुढच्या पिढीचे कितीतरी कार्यकर्ते या दोन शाळांच्या परिसरात घडले. १९३७ साली परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. त्यानंतरच्या वर्षभरात स्वामीजी सार्वजनिक कार्यात ओढले गेले आणि १९३८ मध्ये अध्यापन सोडून ते पूर्ण वेळ राजकारणात उतरले. त्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात त्यांना तुरुंगवास घडला. उस्मानियाच्या वसतिगृहांत वंदे मातरम् म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांना विद्यापीठाने त्याच सुमारास काढून टाकले आणि नागपूर विद्यापीठाने त्यांतील अनेकांना आपल्याकडे घेतले. गुणपत्रिका चांगली असूनही निष्ठेच्या परीक्षेत नापास ठरलेले असे ते विद्यार्थी होते.

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. १९४० आणि १९४२ मध्ये पुन्हा अटक झाली. १९४६ मध्ये स्टेट काँग्रेसवरील बंदी उठल्यावर नेतृत्वाची धुरा त्यांच्याकडे आली. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र होत असताना हैदराबादेत तिरंगा फडकवल्याबद्दल ते पकडले गेले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान शरण आले, तेव्हाही ते तुरुंगातच होते. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये गुलबर्ग्याहून आणि १९५७ मध्ये औरंगाबादहून ते लोकसभेवर निवडून गेले. परंतु मंत्रिपद त्यांनी घेतले नाही. भाषावार राज्ये व्हावीत आणि त्यासाठी हैदराबाद राज्य विसर्जित व्हावे, ही भूमिका त्यांनी धरली आणि १९५६ साली तसे घडले. एका अर्थाने, मराठी मुलाला मराठीतून शिकता यावे या हिप्परग्याच्या आग्रहाची ती राजकीय परिणती होती. १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज उभे करण्यात त्यांचा पुढाकार होता. उत्तरायुष्य खादी, भूदान आणि शिक्षण यांतच गेले. २२ जानेवारी १९७२ रोजी त्यांचे निधन झाले. १९९४ साली नांदेडला स्थापन झालेल्या विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. ज्याच्या पदवीला एके काळी सरकारदरबारी मान्यता नव्हती, त्याच्या नावाने आज हजारो मान्यताप्राप्त पदव्या दिल्या जातात.

या चरित्रावरून परीक्षाच नकोत, असा सोपा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकीचा ठरेल. ध्येयवादी माणसे निवडायला परीक्षा लागत नाही, हे खरे. पण साठ हजारांवर जिल्हा परिषद शाळा असलेल्या राज्याचा कारभार संन्याशांच्या भरवशावर चालू शकत नाही. एवढ्या मोठ्या यंत्रणेत किमान पात्रतेचा काही सर्वमान्य दाखला असावाच लागतो. नाही तर नेमणुका ओळखीच्या जोरावर होतात आणि त्याची किंमत गरिबाचे मूल मोजते. मूल आठवीपर्यंत वर चढत जावे आणि त्याला चार ओळी वाचता येऊ नयेत, ही स्थिती झाकून ठेवण्यात शिक्षकाचाही सन्मान नाही. हिप्परग्याच्या शाळेचीही मर्यादा होती. तिचे प्रमाणपत्र बाहेरच्या जगात चालत नव्हते, म्हणून ती थोड्यांचीच शाळा राहिली. सर्वांसाठी शाळा म्हटली की मोजमाप आले.

प्रश्न मोजमापाच्या उपयोगाचा आहे. हिप्परग्यात मुलाची पारख करणारा माणूस आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला शिकवणारा माणूस एकच होता. उणीव दिसली की ती भरून काढण्याची जबाबदारी तिथल्या तिथे ठरत असे. आज या दोन कामांत फार अंतर पडले आहे. चाचणीची प्रश्नपत्रिका पुण्याहून येते, शिक्षक ती सोडवून घेतो, तपासतो, गुण ऑनलाइन नोंदवतो आणि तेथे त्याचे काम संपल्यासारखे होते. तो आकडा वर जातो. वरून खाली येते ते बहुधा स्मरणपत्र. अमुक मुलाला भागाकार येत नाही, हे कळल्यावर त्या शाळेला एखादा जादा शिक्षक, काही जादा तास वा एखादे साहित्य मिळाले, असा अनुभव सांगणारा शिक्षक शोधावा लागतो. तपासणीनंतर औषधाची चिठ्ठीच न देणारा दवाखाना कितीही यंत्रे आणो, रोगी बरा होत नाही.

आम्हा अर्थशास्त्राच्या अध्यापकांना आणखी एक धोका दिसतो. एखादे माप बक्षीस वा शिक्षा यांना जोडले की माणसे काम सोडून मापच सांभाळू लागतात. इंग्लंडने १८६२ साली शाळांचे अनुदान मुलांच्या वाचन, लेखन आणि गणिताच्या परीक्षेला जोडले. परिणाम असा झाला की शिक्षक मुलांकडून क्रमिक पुस्तकच पाठ करून घेऊ लागले. तपासनीसापुढे मुले घडाघड वाचत, आणि तेच शब्द दुसऱ्या पुस्तकात दिसले की अडखळत. शतक संपेपर्यंत ती पद्धत मोडीत काढावी लागली. आपल्याकडे गुणांवरून शाळांची क्रमवारी लावण्याचा मोह ज्यांना होतो, त्यांनी हा इतिहास जरूर पाहावा.

शिवाय एका आकड्यामागे अनेक कारणे असतात. धाराशिव जिल्ह्यातून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले वर्षातले कितीतरी महिने शाळेबाहेर काढतात. वर्षाच्या आरंभीची चाचणी देऊन गेलेले मूल परतते ते अखेरच्या चाचणीच्या तोंडावर. त्या गुणांतून शिक्षकाची कसूर दिसते की पालकाची मजुरी, हे केवळ बेरीज करून समजत नाही. दोन शिक्षकांवर चार-पाच वर्ग चालवणाऱ्या शाळेची आणि प्रत्येक वर्गाला स्वतंत्र शिक्षक असणाऱ्या शाळेची तुलनाही अशीच फसवी ठरते.

पात्रता परीक्षेचेही तेच. महाराष्ट्रात ही परीक्षा प्रथम घेतली गेली २०१३ साली. त्याआधी, त्या वेळच्या नियमांप्रमाणे नेमल्या गेलेल्या शिक्षकाने वीस-बावीस वर्षे शिकवल्यावर त्याला नव्याने पात्रता सिद्ध करावयास सांगितले तर तो दुखावणार, हे उघड आहे. न्यायालयाचा निर्णय पाळावाच लागेल. परंतु शासनाला त्याची अंमलबजावणी दोन रीतींनी करता येते. केवळ तारीख जाहीर करून नापास होणाऱ्यांची यादी करावी, ही एक. आधी तालुक्याच्या ठिकाणी अभ्यासवर्ग भरवावेत, मतदारयाद्या व सर्वेक्षणे यांच्या ओझ्यातून शिक्षकाला निदान या काळात मोकळे करावे आणि मग परीक्षा घ्यावी, ही दुसरी. पहिल्या रीतीने कायद्याचे पालन होईल, दुसरीने शिक्षण सुधारेल. शिक्षकांनीही अभ्यासाला बसण्यात कमीपणा मानू नये. विद्यार्थ्याला रोज जे सांगतो ते स्वतः करण्यात कसली आली अप्रतिष्ठा?

चाचण्यांच्या बाबतीत मागणी याहून साधी आहे. निकाल प्रथम वर्गशिक्षकाच्या कामासाठी असावा, अहवालासाठी नंतर. ज्या शाळेचा निकाल कमी येईल तिला खुलाशाच्या नोटिशीऐवजी मनुष्यबळ मिळावे. प्रत्येक चाचणीनंतर मागे राहिलेल्या मुलांसाठी शासनाने काय केले, याचाही अहवाल जाहीर व्हावा. शिक्षकाने उत्तरपत्रिका तपासायची आणि शासनाची उत्तरपत्रिका मात्र कोरी राहायची, ही विभागणी न्याय्य नाही.

रामानंद तीर्थांनी हिप्परग्यात घालवलेली वर्षे सहा-सातच. त्या काळात किती मुलांना किती गुण मिळाले, हे विचारायला आज कोणी जात नाही. एका खेड्यात निर्भय शिक्षक होते आणि त्यांच्या शेजारी बसून मुले शिकली, एवढे लोकांनी लक्षात ठेवले. त्या गावाच्या आसपासच्या शाळांत आजही मुले येऊन बसतात. त्यांना वाचता येते की नाही हे तपासण्याचा अधिकार शासनाला जरूर आहे. मात्र येत नसेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या शेजारी कोण बसणार, हेही शासनाने त्याच परिपत्रकात लिहावे.