मांद्र्याचे भाऊ दाजी

माझे वडील दरबारचे गवई. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. खट रागातली एक जुनी चीज त्यांच्या गुरूंनी त्यांना मोठ्या मिनतवारीने दिली होती. वडील ती दार लोटून गात. माझा गळा पुरता तयार झाला म्हणजे सांगू, असा त्यांचा विचार होता. ते गेले. अस्ताई माझ्या कानात राहिली. अंतरा त्यांच्याबरोबर गेला.

गेल्या वर्षी एका शिष्याच्या गाण्यासाठी पेडण्यास जाणे झाले, तेव्हा वाट वाकडी करून मांद्रे गाव पाहून आलो. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे हे जन्मगाव. त्यांचे खरे नाव रामकृष्ण विठ्ठल. त्यांच्या बाळपणी पेडणे महाल पोर्तुगीज अमलाखाली होता. घरची गरिबी. वडील पोटापाण्यासाठी मुंबईस आले, आणि मातीच्या बाहुल्या करून विकू लागले असे सांगतात. मुलाची बुद्धिबळातली हुशारी गव्हर्नर लॉर्ड क्लेअर यांच्या नजरेस आली व त्यांच्या सांगण्यावरून त्याला इंग्रजी शाळेत घातले, अशीही आख्यायिका आहे.

पुढे भाऊ एल्फिन्स्टनमध्ये शिकले व तेथेच शिक्षक झाले. १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज निघताच त्यांनी वैद्यकाची वाट धरली. १८५१ साली पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत ते होते. व्यवसायात पैसा मिळाला, तसा गरिबांस फुकट औषध देण्यात तो खर्चही झाला. १८६९ व १८७१ अशी दोन वर्षे ते मुंबईचे शेरीफ होते. राणीच्या बागेतील संग्रहालयास १९७५ पासून त्यांचेच नाव आहे.

दुसरा व्यासंग प्राचीन लेखांचा. अजिंठ्याचे व गिरनारचे लेख, कालिदासाचा काळ, असे विषय त्यांनी एशियाटिक सोसायटीच्या सभेपुढे मांडले. त्यांचे वाचन छापून निघे, इतर पंडित ते तपासत, खोडून काढीत, पुढे नेत. या क्षेत्रात भाऊंनी काही झाकून ठेवले नाही.

मग औषधाच्या बाबतीत असे का झाले? सह्याद्रीच्या रानात कडू कवठ नावाचे झाड होते. आपल्या खाण्यातल्या कवठाशी त्याचा संबंध नाही. त्याच्या बियांच्या तेलाने भाऊंनी महारोग्यांवर उपचार चालविले. गुण येतो अशी वार्ता पसरली. पण औषध कोणते, हे त्यांनी उघड केले नाही. अनुभव पक्का झाल्यावर सांगावे, असे मनात असावे. टीका पुष्कळ झाली. अखेर १८७४ साली भाऊच गेले. औषध हेच तेल होते हे त्यांच्या मागे लोकांस कळले.

त्याच काळातला दुसरा दाखला पाहा. १८५७ साली लंडनच्या वैद्यांच्या सभेत सर चार्ल्स लोकॉक यांनी पोटॅशियम ब्रोमाइडने काही रोग्यांची फेफऱ्याची आकडी थांबते, असे सांगून टाकले. त्यांचा तर्क पुढे चुकीचा ठरला, पण औषध चारचौघांत आले होते. इतरांनी ते दिले, त्याचा गुण पाहिला, दोषही पाहिले. त्याहून बरे औषध शोधता शोधता १९१२ साली फेनोबार्बिटल आले. फेनिटॉइन तर १९०८ सालीच प्रयोगशाळेत बनून पडले होते. १९३८ साली बोस्टनच्या मेरिट व पुटनम यांनी आधी मांजरांवर पारखून ते रोग्यांस दिले आणि त्याचे चीज झाले.

कडू कवठाच्या जातीच्या तेलाचेही पुढे असेच झाले. ते पोटात घेतले तर मळमळे, टोचले तर फार दुखे. १९१५ च्या सुमारास हवाईत अ‍ॅलिस बॉल या तरुण विदुषीने ते टोचण्याजोगे करण्याची रीत काढली. ती छापण्याआधीच, वयाच्या २४ व्या वर्षी, ती वारली आणि श्रेय काही काळ दुसऱ्यास गेले. १९४० नंतर सल्फोन जातीची औषधे आली, तेव्हा हे तेल मागे पडले.

भाऊंना दोष देण्याचा मला अधिकार नाही. हजारो वर्षांपूर्वीची अक्षरे ज्यांनी लोकांसाठी वाचली, त्या माणसाच्या हातून हे अर्धे राहिले, एवढेच मनाला लागते. पुरते सिद्ध झाल्यावर देऊ म्हणणाऱ्यास आयुष्य तेवढी सवड देतेच असे नाही; आणि दुसऱ्यांनी पारखल्यावाचून सिद्ध तरी कसे व्हायचे?

मांद्र्याहून परतल्यापासून ती खटातली अस्ताई मी शिष्यांना शिकवितो, आणि पुढचे मला येत नाही हेही सांगतो. आपल्या गावातल्या जुन्या घरांतून एखाद्या वहीत तो अंतरा लिहिलेला असेल, तर मी तो ऐकायला येईन.