तिजोरीत राहिलेली मोटार

बँकेत लॉकर फोडण्याचा प्रसंग वर्षा-दोन वर्षांतून एकदा येतोच. भाडेकरू वारलेला असतो, किल्ली सापडत नसते, वारस काउंटरपाशी ताटकळत असतात. मिस्त्री ड्रिल घेऊन येतो, दोन साक्षीदार बसवले जातात आणि आमच्यापैकी एखादा अधिकारी कागद-पेन घेऊन यादी करायला लागतो. माझ्या नोकरीत अशा पुष्कळ याद्या मी केल्या. लोकांना वाटते, आत सोने निघणार. बहुतेक वेळा निघतात ते कागद. जुने खरेदीखत, मुदत उलटून गेलेल्या ठेवींच्या पावत्या. एकदा तर नुसता पोस्टकार्डांचा गठ्ठा निघाला होता आणि वारसांचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते.

१९८९ साली फ्रान्समध्ये अशीच एक तिजोरी उघडली गेली. किल्ली केव्हाच हरवलेली, आत काही नाही अशीच घरच्यांची समजूत. ज्यूल व्हर्नच्या पणतवाने ती उघडली, तेव्हा आत एका कादंबरीचे हस्तलिखित निघाले. १८६३च्या सुमारास लिहिलेले, प्रकाशकाने परत केलेले, लेखकाने पुन्हा हात न लावलेले. १९९४ साली ते ‘विसाव्या शतकातील पॅरिस’ या अर्थाच्या नावाने छापले गेले. कादंबरी घडते १९६०च्या ऑगस्टपासून पुढे. हे माझ्या जन्माचे साल, आणि महाराष्ट्र राज्याच्याही. तिचा नायक चिकटतो तो बँकेत. त्यामुळे हे पुस्तक हाती आले तेव्हा मी ते जरा घाबरतच उघडले.

व्हर्न आपल्याकडच्या दोन-तीन पिढ्यांना भेटला तो भा. रा. भागवतांच्या मराठीतून. समुद्राच्या तळाशी, पृथ्वीच्या पोटात, चंद्राच्या वाटेवर भागवतांनी आम्हाला बोटाला धरून नेले. त्या व्हर्नला यंत्राचे वेड होते, उद्याचा भरवसा होता. तिजोरीतला व्हर्न मात्र निराळाच निघाला. आज मोटारी विजेवर धावू लागल्या आहेत, काही तर चालकाशिवाय धावतात. अशा वेळी या दुसऱ्या व्हर्नची हकीगत सांगावीशी वाटते.

त्याचा जन्म ८ फेब्रुवारी १८२८चा, फ्रान्समधल्या नान्त या बंदराच्या गावी. ल्वार नदीतल्या बेटावरचे घर, आसपास गलबतांच्या डोलकाठ्या. वडील वकील. थोरल्या मुलाने आपली वकिली चालवावी, एवढीच त्यांची इच्छा. मुलगा पॅरिसला जाऊन कायद्याची परीक्षा पास झाला खरा, पण रमला नाटकवाल्यांत. थोरल्या द्यूमांचे घर त्याला उघडे झाले, एका नाट्यगृहात चिटणिशी मिळाली, काही नाटुकली रंगभूमीवर आली. पोट मात्र त्यावर भरेना. १८५७मध्ये त्याने दोन मुली पदरी असलेल्या ओनोरीन या विधवेशी लग्न केले. संसार आला, तशी नोकरी-धंद्याची निकड आली. वडिलांकडून रक्कम घेऊन तो शेअर दलालाच्या पेढीत शिरला.

हा भाग वाचताना मी नेहमी थांबतो. पहाटे पाचला उठायचे, दिवसाचे कामकाज सुरू होण्याआधी लिहून घ्यायचे आणि मग कपडे करून शेअर बाजाराच्या पायऱ्या चढायच्या, असे त्याने काही वर्षे केले. आमच्यातल्या कित्येकांनी हेच केले आहे. साडेदहाला काउंटर उघडायच्या आधी जे लिहून झाले, तेवढेच आपले. दुपारची वेळ ग्राहकांची, संध्याकाळची वेळ कॅश जुळवण्याची.

१८६३च्या जानेवारीत त्याची विमानपूर्व काळातली आकाशयात्रा, म्हणजे फुग्यातून आफ्रिका ओलांडण्याची गोष्ट, प्रसिद्ध झाली आणि गाजली. प्रकाशक होता हेत्झेल. हा माणूस साधा छापणारा नव्हता. लेखकाच्या ओळीवर ओळ तपासणारा, वाचकाची नाडी ओळखणारा संपादक होता. त्याच्या हाती व्हर्नने दुसरे बाड ठेवले ते या पॅरिसच्या कादंबरीचे. हेत्झेलने ते साफ नाकारले. असे भविष्य कोणाला पटायचे नाही, लिखाण कच्चे आहे, हे छापले तर नावाला बट्टा लागेल, अशा अर्थाचे त्याने कळवले. बाड तिजोरीत गेले.

त्या बाडात काय होते? मिशेल नावाचा सोळा वर्षांचा मुलगा. लॅटिन काव्यासाठी त्याला बक्षीस मिळते आणि भरसभेत त्याचे हसे होते. कारण १९६०च्या पॅरिसमध्ये कवितेला कोणी विचारत नाही. शास्त्र, उद्योग आणि पैसा यांचेच राज्य आहे. जमिनीखालून आणि खांबांवरून आगगाड्या धावतात, रस्ते विजेने उजळतात, चित्रे आणि हस्ताक्षरे तारेने दूरवर पाठवली जातात. आणि रस्त्यावर घोडा जवळजवळ दिसतच नाही. त्याच्या जागी ‘गॅस-कॅब’ आहेत.

ही गॅस-कॅब व्हर्नने हवेतून काढली नव्हती. लेन्वार या संशोधकाने १८६०मध्ये गॅसचा स्फोट सिलिंडरच्या आत घडवून चालणाऱ्या इंजिनाचे पेटंट घेतले होते. तशा इंजिनावरची गाडी त्याने पॅरिसजवळ काही किलोमीटर चालवलीही. ती माणसाच्या चालीहून फारशी वेगवान नव्हती. व्हर्नने केले ते एवढेच की, एका धापा टाकणाऱ्या गाडीवरून त्याने हजारो गाड्यांचे शहर पाहिले. त्याच्या कॅबमध्ये चालक पुढे बसतो, हातातल्या चाकाने दिशा बदलतो, पायाखालच्या पेडलने वेग कमी-जास्त करतो. इंधन हायड्रोजन.

आता हिशेब मांडू. कार्ल बेन्झच्या १८८६च्या मोटारीला तीन चाके होती आणि वळवायला दांडा होता. सुकाणूचे गोल चाक मोटारीवर आले ते १८९४च्या पॅरिस-रुआं शर्यतीच्या वेळी, वाशेराँ या स्पर्धकाच्या गाडीत. म्हणजे कागदावरचे चाक रस्त्यावरच्या चाकाच्या तीस वर्षे पुढे होते. खरा १९६० उजाडला तेव्हा पॅरिसमध्ये घोडे नव्हते, मोटारींची दाटी होती, चाक आणि पेडलही तसेच होते. चुकले होते ते इंधन. हायड्रोजनऐवजी पेट्रोल जळत होते.

पण खाते तिथे बंद होत नाही. डिसेंबर २०१५मध्ये, जागतिक हवामान परिषद भरलेली असताना, त्याच पॅरिसमध्ये हायड्रोजनवर चालणाऱ्या टॅक्सींचा ताफा सुरू झाला. सुरुवात पाचच गाड्यांची. आपल्याकडे ३० मार्च २०२२ रोजी नितीन गडकरी हायड्रोजनच्या मोटारीतून संसदेत गेले, ते चित्र अनेकांना आठवत असेल. या गाड्यांत स्फोट नसतो. हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन यांच्या संयोगातून घटात वीज तयार होते, त्या विजेवर मोटर फिरते आणि नळीतून बाहेर पडते ते निव्वळ पाणी. पाण्याचे घटक वेगळे करून उद्याचा कोळसा मिळेल, ही कल्पनाही व्हर्नचीच. १८७४-७५च्या ‘रहस्यमय बेट’ या कादंबरीत एक इंजिनिअर ती सहज बोलता बोलता मांडतो. मात्र पाण्यातून हायड्रोजन काढायला आधी वीज खर्चावी लागते, ही वजाबाजू त्याने दाखवली नव्हती. आजचे शास्त्रज्ञ अडले आहेत ते तिथेच.

हेत्झेलच्या नकारानंतर व्हर्न शहाणा झाला. पुढची चाळीस वर्षे त्याने ‘अद्भुत प्रवास’ या मालेत पन्नासहून अधिक कादंबऱ्या दिल्या. त्यांत उदास शहर नव्हते, मोकळा समुद्र होता. नीमो हा कप्तान त्याला रशियाचा सूड घेणारा पोलिश करायचा होता. हेत्झेलने हरकत घेतली, आणि पुढे ‘रहस्यमय बेटा’त तो बुंदेलखंडचा राजपुत्र निघाला. मराठी वाचकाला अधिक जवळची कादंबरी १८८०ची, वाफेवर चालणाऱ्या घराची. तिची सुरुवात थेट औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात होते. नानासाहेब पेशव्यांच्या डोक्यावर इनाम लावल्याचा जाहीरनामा तिथे झळकतो आणि पुढचे एक प्रकरण वेरुळच्या लेण्यांत घडते. नानासाहेब तिथे खलनायक आहेत, याचा राग यावा हे साहजिकच. पण त्याच पुस्तकात पोलादाचा एक प्रचंड हत्ती आहे. पोटात वाफेचे इंजिन, सोंडेतून धूर, मागे चाकांवरची दोन सजवलेली घरे. रूळ नकोत, रस्ता असला की पुरे. हल्ली लोक स्वयंपाकघर आणि बिछाना असलेली मोटार घेऊन भटकतात, तिचा हा आजोबाच. व्हर्न स्वतः हिंदुस्थानात कधी आला नाही. त्याने नकाशे, प्रवासवर्णने आणि वर्तमानपत्रे वाचून हजारो टिपणे काढली होती. त्यांतूनच हा हत्ती उभा राहिला.

१८८६ हे वर्ष त्याच्या आयुष्याला आडवे आले. २९ जानेवारीला बेन्झने जर्मनीत मोटारीच्या पेटंटचा अर्ज केला. ९ मार्चला आमियां गावी व्हर्नच्या घराच्या दारात त्याच्या पुतण्याने, म्हणजे भावाचा मुलगा गास्तोंने, वेडाच्या भरात त्याच्यावर पिस्तूल झाडले. गोळी पायात गेली आणि तो जन्माचा लंगडा झाला. तो अंथरुणावर असतानाच, १७ मार्चला हेत्झेल गेला. आवडती बोटही त्याने त्याच वर्षी विकली. जगाला चाके फुटली त्या वर्षी प्रवासाच्या या राजाचे फिरणे थांबले. पुढे तो आमियांच्या नगरपालिकेत निवडून आला आणि नाट्यगृह, सर्कस, रस्ते यांच्या फायली वाचत बसला.

मोटारींचे युग त्याने डोळ्यांनी पाहिले. १८९९च्या एप्रिलमध्ये येनात्झी या बेल्जियन स्पर्धकाने पॅरिसजवळ ताशी १०५ किलोमीटरहून अधिक वेग गाठला. ताशी शंभराची मर्यादा ओलांडणारी ती पहिली मोटार होती, आणि ती विजेवर चालणारी होती! आज विजेच्या मोटारीला आपण नवी म्हणतो. ती नवी नाही, मधली शंभर वर्षे ती पेट्रोलच्या धुरात दिसेनाशी झाली होती.

१९०४मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, व्हर्नने शेवटची मोठी मोटार लिहिली. ‘जगाचा स्वामी’ या अर्थाच्या नावाच्या कादंबरीतले रोबूर या संशोधकाचे वाहन रस्त्यावर मोटार, पाण्यावर बोट, पाण्याखाली पाणबुडी. आणि नायगाऱ्याच्या कड्यावर पाठलाग होतो तेव्हा पंख उघडून ते उडते. वीज हीच त्याची शक्ती. पण ते चालवणारा माणूस गर्वाने वेडा झाला आहे, आणि अखेर वादळात वीज कोसळून त्याचे यंत्र नष्ट होते. २४ मार्च १९०५ रोजी व्हर्न आमियांत गेला. मधुमेहाने शरीर पोखरले होते, दृष्टी मंदावली होती.

म्हातारपणी व्हर्न निराश झाला, यंत्रावरचा त्याचा विश्वास उडाला, असे पूर्वी सर्रास सांगितले जाई. तिजोरी उघडली आणि हे गणित चुकले. पस्तिशीच्या उमेदीच्या वयातच ती शंका त्याच्या मनात होती. प्रकाशकाच्या सल्ल्याने ती कुलपात गेली, इतकेच.

लेखक म्हणून मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की हेत्झेलचे चुकले नव्हते. कादंबरी रेंगाळते, माणसे बोलत बसतात, घडत काही नाही. मी संपादक असतो तर मीही ती परत केली असती. पण बँकेचा माणूस म्हणून तिच्यातली काही पाने मला सोडवत नाहीत. मिशेलला नातेवाईक बँकेत चिकटवतात. तिथे पियानोसारखी अवाढव्य गणकयंत्रे आहेत; पट्ट्या दाबल्या की बेरीज, शिल्लक, व्याज, सगळे तयार. मुलाला ती जमत नाहीत. मग त्याला मुख्य खतावणीवर बसवतात. त्याने नोंदी वाचून दाखवायच्या, दुसऱ्याने सुंदर अक्षरात लिहायच्या. लिहिणारा आतून संगीतकार. एके दिवशी बोलण्याच्या भरात शाई त्या महाखतावणीवर सांडते आणि दोघांची नोकरी जाते. शेवटी हिवाळ्यात उपाशी मिशेल बर्फातून भटकत पॅरिसच्या कबरस्तानात पोचतो.

मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शाखेत खतावण्याच होत्या. एक हेड क्लार्क होते, त्यांचे अक्षर छापल्यासारखे. संध्याकाळी ते तबला शिकवायला जात. संगणक आला तेव्हा विरोधाच्या मोर्चात आम्ही दोघेही होतो. संगणक आला तो आलाच, आणि ग्राहकाची रांग कमी झाली हेही खरे. ते हेड क्लार्क मात्र नव्या खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसून राहत. त्यांच्या बोटांना करायला काही उरले नव्हते. त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली.

आता मोटारीकडे वळतो. अमेरिकेतल्या फीनिक्स शहरात २०२०च्या ऑक्टोबरपासून सर्वसामान्य प्रवाशांनाही चालक नसलेली टॅक्सी बोलावता येऊ लागली. सुकाणूचे चाक आपोआप फिरते, समोरची जागा रिकामी असते. व्हर्नची सगळी वाहने आठवून पाहिली. गॅस-कॅबवर चालक आहे, पोलादी हत्तीवर चालवणारा आहे, रोबूर वेडा का असेना पण सुकाणूवर आहे. रिकामी जागा त्याने मोटारीत कुठेच दाखवली नाही. ती त्याने दाखवली बँकेत, खतावणीच्या टेबलापाशी. माणूस आधी तिथून उठेल, एवढे त्याला कळले होते.

चालक नसलेली गाडी कदाचित अधिक सुरक्षित ठरेल. दमून डुलकी घेणाऱ्या माणसापेक्षा यंत्र बरे, हे मला मान्य आहे. मी यंत्राच्या विरोधात नाही. आता माझी पेन्शनही संगणकच जमा करतो. पण परवा रात्री स्टेशनवरून रिक्षाने घरी येताना चालकाशी गप्पा निघाल्या. मुलगी बारावीला आहे, म्हणाला, हप्ते अजून दोन वर्षांचे उरलेत. उतरताना मीटर पाहिले, पैसे दिले आणि उगीचच त्याच्या हातांकडे पाहत राहिलो. मोटारीचे काय होणार, याचा व्हर्नने केलेला हिशेब बराचसा जुळला आहे. या हातांची नोंद कोणत्या खात्यात करायची, ते त्या बाडात लिहिलेले नाही. ते आपल्यालाच ठरवायचे आहे, आणि ते तिजोरीत ठेवून भागणार नाही.