आकाश दाखविणारे मास्तर : शंकर बाळकृष्ण दीक्षित

शाळामास्तरांची चरित्रे सहसा कोणी लिहीत नाही. शिकविलेली मुले मोठी होतात आणि मास्तर विस्मरणात जातात. आज आम्ही ज्यांची ओळख वाचक बंधुभगिनींस करून देत आहोत ते शंकर बाळकृष्ण दीक्षित जन्मभर मास्तरच होते. कॉलेजची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. तरीही भारतीय ज्योतिषाचा सविस्तर इतिहास मराठीत लिहिला तो त्यांनीच. येथे ज्योतिष म्हणजे भविष्यकथन नव्हे, तर ग्रहताऱ्यांच्या गतीचे शास्त्र, हे आरंभीच सांगितलेले बरे.

दीक्षितांचा जन्म जुलै १८५३ मध्ये दापोलीजवळच्या मुरुड गावी झाला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गावही हेच. १८७० साली दीक्षित पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात दाखल झाले. मराठी शाळांसाठी शिक्षक तयार करणारी ही संस्था. तेथील अभ्यास सांभाळून त्यांनी इंग्रजीही शिकून घेतले व मॅट्रिकची परीक्षा दिली. पुढचे शिक्षण मात्र त्यांच्या वाट्यास आले नाही. १८७४ पासून चोवीस वर्षे त्यांनी शाळांतूनच नोकरी केली. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे आणि शेवटी पुन्हा पुणे, अशी त्यांची गावे झाली. धुळ्यास व पुण्यास तर ते उद्याच्या शिक्षकांचे शिक्षक होते.

या चोवीस वर्षांत त्यांची लेखणी थांबली नाही. १८७६ साली त्यांनी विद्यार्थ्यांसाठी ‘विद्यार्थिबुद्धिवर्धिनी’ हे पुस्तक लिहिले. १८८२ साली ‘सृष्टचमत्कार’ आले, १८९२ साली ‘ज्योतिर्विलास’. या शेवटच्या पुस्तकाचे दुसरे नाव ‘रात्रीची दोन घटका मौज’ असे आहे. शास्त्राच्या पुस्तकास मौज हे नाव देणारा शिक्षक मुलांचे मन ओळखत असला पाहिजे! विज्ञान शिकवावयाचे तर प्रयोगशाळा हवी, कपाट हवे, काचेची उपकरणे हवीत, अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. आकाश पाहावयास यांपैकी काहीच लागत नाही.

त्यांची विद्वत्ताही या पाहण्यावर आणि गणितावर उभी होती. फ्लीट साहेबांनी गुप्त राजांच्या शिलालेखांचा ग्रंथ १८८८ साली प्रसिद्ध केला, त्यातील तिथी-वारांचे गणित दीक्षितांनी करून दिले. १८९६ साली रॉबर्ट सेवेल यांच्यासह त्यांनी भारतीय पंचांगांवर इंग्रजी ग्रंथ लिहिला. त्याच वर्षी त्यांचा मोठा ग्रंथ ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ छापून निघाला. पुढे त्याची हिंदी व इंग्रजी भाषांतरे झाली.

परंतु आम्हांस त्यांच्या आयुष्यातील जी गोष्ट सर्वांत मोलाची वाटते, ती पंचांगाची. सूर्य उत्तरेकडे वळतो तो २२ डिसेंबरच्या सुमारास. मकरसंक्रांत मात्र १४ जानेवारीच्या सुमारास येते. सुमारे पंधराशे-सतराशे वर्षांपूर्वी हे दोन्ही दिवस जवळजवळ एकच होते. ताऱ्यांवरून मोजलेले वर्ष ऋतूंच्या वर्षाहून सुमारे वीस मिनिटांनी मोठे आहे. त्यामुळे सुमारे बहात्तर वर्षांत एक दिवसाचे अंतर पडते आणि साचत जाते. पंचांग ऋतूंशी जुळले पाहिजे, असे विसाजी रघुनाथ लेले यांच्याप्रमाणे दीक्षितही म्हणत, आणि तशा सायन पंचांगाच्या कामात त्यांनी भाग घेतला. बहुसंख्य लोकांनी ते स्वीकारले नाही. दीक्षितांनी आपल्या परंपरेचा इतिहास मोठ्या प्रेमाने लिहिला, आणि त्याच प्रेमाने तिच्यातील चूकही दाखविली.

हे पाहून आपण ख्रिस्ती लोकांनी शेजाऱ्यांस हसू नये. युरोपचे पंचांगही असेच ढळले होते. १५८२ साली पोप ग्रेगरी यांनी दहा दिवस वगळून ते सुधारले. सुधारणा पोपची म्हणून अनेक प्रॉटेस्टंट देशांनी ती नाकारली. इंग्लंडने १७५२ साली, म्हणजे १७० वर्षांनी, ती मान्य केली, आणि तोवर अकरा दिवस वगळावे लागले. सूर्य कोणत्याही पंथाचा नाही, हे समजण्यास आपल्याच मंडळींना इतका काळ लागला.

आमच्या इंदूरहून उज्जैन सुमारे ५५ किलोमीटर. जुने ज्योतिषी उज्जैनच्या रेखेवरूनच गणित मांडीत, आणि सवाई जयसिंहाची वेधशाळा आजही तेथे उभी आहे. पण दीक्षितांचा धडा शिकण्यास तेथवरही जावे लागत नाही. अंगणात एक मीटरची सरळ काठी उभी रोवावी. दुपारी बाराच्या पुढे सावली आखूड होत होत पुन्हा वाढू लागते. सर्वांत आखूड सावलीची खूण करून ती मोजावी. इंदुरात २२ डिसेंबरला ती सुमारे १०४ सेंटिमीटर भरेल, काठीहून जरा लांबच! १४ जानेवारीस सुमारे ९७ भरेल. म्हणजे सूर्य आधीच परत फिरला आहे, हे सातवीतील मूल स्वतःच्या फुटपट्टीने सिद्ध करील. जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस तर भर दुपारी सावली काठीच्या बुडाशी जवळजवळ नाहीशी होते.

उत्तरायणाची व्याख्या फळ्यावरून उतरवून घेणारे मूल परीक्षेनंतर ती विसरते. सावली मोजणारे मूल विसरत नाही. शिवाय कोणी मोठ्या अधिकाराने काही सांगितले, तरी आधी मोजून पाहावे, ही सवय त्याला लागते. ही सवय लावणे हेच मिडल शाळेतील विज्ञानशिक्षकाचे खरे काम, असे आम्हांस वाटते.

२० एप्रिल १८९८ रोजी पुण्यास दीक्षितांचे निधन झाले. वयाची पंचेचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. स्वतंत्र भारतात मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग-सुधारणा समिती नेमली गेली, आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिचे महिने ऋतूंशी जुळणारे, सायन मानाचे आहेत. दीक्षित जाऊन तेव्हा ५९ वर्षे होत आली होती.

शिक्षक बंधुभगिनींनो, नाताळच्या सुटीत मुले घरीच असतात आणि सावली वर्षातील सर्वांत लांब असते. एक काठी आणि एक फुटपट्टी एवढेच पुरे.