गोपाळ गणेश आगरकर : धर्म, पक्ष आणि कायद्याची मर्यादा

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस :
• आगरकरांच्या चरित्रातील प्रमुख टप्पे सांगता येतील.
• संमतिवयाच्या वादातील दोन्ही बाजूंचे युक्तिवाद वेगळे करून मांडता येतील.
• धर्माचरणाच्या क्षेत्रात शासनाची मर्यादा कोठे असावी, याविषयी स्वतःचे मत सकारण लिहिता येईल.

३.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, धर्माशी निगडित असलेल्या रूढीत सरकारने कायद्याने हात घालावा काय, हा प्रश्न जगातील अनेक समाजांना पडलेला आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे तो बहुपत्नीत्वाच्या निमित्ताने आला. श्रद्धेवर कायद्याची सत्ता चालत नाही, परंतु श्रद्धेच्या नावाने केलेल्या कृतीवर ती चालू शकते, असा निर्णय त्या न्यायालयाने १८७९ मध्ये दिला. महाराष्ट्रात हाच प्रश्न बारा वर्षांनी संमतिवयाच्या विधेयकाच्या रूपाने उभा राहिला. येथे मात्र त्यात आणखी एक गुंता होता : कायदा करणारे सरकार परकीय होते. या वादात ज्यांनी सरकारच्या कायद्याची बाजू घेतली आणि तरीही जे सरकारपक्षाचे झाले नाहीत, अशा लेखकाचे चरित्र आपण पाहणार आहोत.

३.२ जडणघडण

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळील टेंभू या गावी झाला. घरची अत्यंत गरिबी. शिक्षणासाठी त्यांना कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला अशी भटकंती करावी लागली. मिळेल ते काम करून पोट भरावे लागले. १८७५ मध्ये मॅट्रिक होऊन ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. तेथे एकच सदरा रात्री धुऊन सकाळी पुन्हा अंगात घालण्याचे दिवस त्यांनी काढले. याच कॉलेजात त्यांची बाळ गंगाधर टिळकांशी मैत्री जुळली. शिक्षणाच्या मार्गाने देशसेवा करावयाची, सरकारी नोकरी धरावयाची नाही, असा दोघांचा निश्चय ठरला. एम.ए. झालेल्या मुलाच्या पगाराची वाट पाहणाऱ्या आईला आगरकरांनी पत्राने कळविले, की मोठ्या पगाराची आशा आपण मनातून काढून टाकली आहे.

१८८० मध्ये सुरू झालेल्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ते पुढच्या वर्षी दाखल झाले आणि १८८१ मध्ये निघालेल्या ‘केसरी’चे पहिले संपादक झाले. कोल्हापूर संस्थानच्या कारभारावरील लिखाणामुळे दिवाण माधवराव बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. १८८२ मध्ये टिळक व आगरकर या दोघांनाही मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. राजकीय कारणासाठी तुरुंगवास सोसलेल्या या माणसाला पुढे सरकारधार्जिणा म्हणून हिणवले गेले, हे येथे लक्षात ठेवावे.

३.३ मित्रांतील दुरावा

राजकीय सुधारणा आधी की सामाजिक, या प्रश्नावर दोघा मित्रांचे मतभेद वाढत गेले. वृत्तपत्रात व्यक्तीचे मत मांडावयाचे की मंडळाचे, असाही पेच होता. १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि पुढील वर्षी ‘सुधारक’ काढला. त्याच्या इंग्रजी बाजूचे काम तरुण गोपाळ कृष्ण गोखले पाहत. याच वर्षी आगरकरांचा ‘वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण’ हा व्याकरणविषयक ग्रंथ प्रसिद्ध झाला. वाक्याचे घटक सुटे करून त्यांचा परस्परसंबंध तपासण्याची ही सवय त्यांच्या निबंधांतही दिसते. प्रचलित शब्दामागे नेमके काय दडले आहे, हे ते आधी उलगडतात आणि मगच निष्कर्षाकडे वळतात.

३.४ संमतिवयाचा वाद

१८६० च्या दंडसंहितेनुसार दहा वर्षांखालील मुलीशी, ती पत्नी असली तरी, शरीरसंबंध हा गुन्हा होता. ही मर्यादा वाढवावी, अशी मागणी बेहरामजी मलबारी व इतर सुधारक करीत होते. बंगालमध्ये फुलमणी नावाच्या बालवधूचा पतीच्या शरीरसंबंधामुळे मृत्यू झाला. तिने दहावे वर्ष ओलांडलेले असल्याने १८९० मधील खटल्यात बलात्काराचा आरोप पतीला लागू होऊ शकला नाही. जानेवारी १८९१ मध्ये वयोमर्यादा बारा करणारे विधेयक मांडले गेले व मार्चमध्ये ते संमत झाले. विवाहाच्या वयाला या कायद्याने हात लावलेला नव्हता.

टिळकपक्षाचे म्हणणे समजून घेतल्याखेरीज हा वाद कळणार नाही. टिळक स्वतः बालविवाहाचे पुरस्कर्ते नव्हते. सुधारकांनी मुलामुलींची लग्ने उशिरा करण्याचा नियम आधी स्वतःवर घालून घ्यावा, अशी सूचना त्यांनी केली होती. त्यांचा मुख्य आक्षेप अधिकाराविषयी होता. १८५७ च्या उठावानंतर राणीच्या जाहीरनाम्याने धर्मात हस्तक्षेप न करण्याचे वचन दिले होते. परकीय सत्तेला घराच्या उंबरठ्याआत एकदा येऊ दिले, की ती कोठे थांबेल याचा भरवसा काय, असा त्यांचा प्रश्न होता. गर्भाधानसंस्काराला बाध येतो, हा सनातन्यांचा आक्षेपही त्यास जोडला गेला.

सुधारकांच्या बाजूने डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांसारख्या पंडितांनी शास्त्राधार शोधून दाखविले. आगरकरांचा भर शास्त्राधारांवर नव्हता. शास्त्र अनुकूल निघाले तर उत्तमच, प्रतिकूल निघाले तरी अन्याय हा अन्यायच, अशी त्यांची वृत्ती होती. मिल्ल आणि स्पेन्सर या व्यक्तिस्वातंत्र्यवादी विचारवंतांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. हे दोघेही सरकारी हस्तक्षेपाकडे संशयाने पाहणारे. मग त्यांचा अनुयायी कायद्याच्या बाजूने कसा उभा राहतो? ‘संमती’ या शब्दाचे पृथक्करण केले, की ही विसंगती मावळते. संमती देण्यास समज लागते आणि नकार देण्याची मोकळीक लागते. दहा वर्षांच्या मुलीजवळ या दोन्ही गोष्टी नसतात. मिल्लनेही आपले स्वातंत्र्याचे तत्त्व अल्पवयीनांना लागू केलेले नाही. सज्ञान माणसाच्या श्रद्धेत सरकारने पडू नये. परंतु ज्या जिवाला स्वतःचे रक्षण करता येत नाही, त्याच्यासाठी कायद्याने पुढे यावे, अशी ही मर्यादारेषा होती. १८२९ मधील सतीबंदीलाही हेच तत्त्व लागू पडत होते. सरकार परकीय आहे, हे आगरकर विसरले नव्हते. मात्र समाज स्वतःहून सुधारेपर्यंत त्या मुलींनी वाट पाहावी, हे त्यांना मान्य नव्हते.

३.५ अखेरची वर्षे

या भूमिकेची किंमत त्यांनी मोजली. पुण्यातील सनातन्यांनी ते जिवंत असतानाच त्यांची प्रेतयात्रा काढली. टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून १८९० मध्येच बाहेर पडले होते. दोन वर्षांनी आगरकर फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. दम्याने शरीर पोखरले असतानाही अध्यापन व लेखन चालूच होते. १७ जून १८९५ रोजी, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. आपल्या अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये, म्हणून त्यांनी थोडे पैसे पुडीत बांधून ठेवले होते. टिळकांनी ‘केसरी’त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला.

३.६ समारोप

१९२९ च्या शारदा कायद्याने मुलींच्या विवाहाचे किमान वय चौदा केले. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यानुसार ते अठरा आहे. आज कायदा आपल्याच लोकप्रतिनिधींनी केलेला आहे, त्यामुळे परकीय सत्तेविषयीचा टिळकांचा आक्षेप उरलेला नाही. तरीही सोलापुरासह अनेक जिल्ह्यांत बालविवाह रोखण्याचे काम यंत्रणांना अजून करावे लागते. कायदा झाला तरी समाजाचे मन वळविण्याचे काम शिल्लक राहते. टिळकांच्या म्हणण्यातील हा अंश विचारात घ्यावाच लागतो. एखादा कायदा कोणत्या पक्षाने आणला, यापेक्षा तो कोणाचे रक्षण करतो हे आधी तपासावे, ही आगरकरांची कसोटी मात्र पुढील प्रत्येक वादात आपल्या उपयोगी पडणारी आहे.

स्वाध्याय

१. टिळक व आगरकर यांच्या भूमिकांतील साम्य आणि भेद स्पष्ट करा.
२. ‘व्यक्तिस्वातंत्र्याचा पुरस्कार आणि कायद्याचे समर्थन यांत विरोध नाही.’ आगरकरांच्या संदर्भात चर्चा करा.
३. उपक्रम : आपल्या कुटुंबातील तीन पिढ्यांतील स्त्रियांची विवाहसमयीची वये विचारून घ्या व आढळलेल्या बदलावर दहा ओळी लिहा.