विश्लेषण : सगळी शेते न कापता उत्पादन कसे कळते? सुखात्मे यांची पद्धत काय आहे?

वडवणी तालुक्यात खरिपात कापूस आणि सोयाबीन हीच मुख्य पिके. एखाद्या महसूल मंडळात सोयाबीन हेक्टरी किती पिकले, हे पाहायला प्रत्येक शेत कापून, मळून, तोलणे अशक्य. म्हणून मोजक्या शेतांत पीक कापणी प्रयोग होतात. खरीप २०२५ मध्ये राज्यात विम्याची भरपाई याच प्रयोगांतून निघणाऱ्या उत्पादनावर ठेवण्यात आली, तेव्हापासून या प्रयोगांकडे शेतकऱ्यांचे बारीक लक्ष आहे. ही पद्धत देशात रुजवणाऱ्यांत अग्रणी होते डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे.

सुखात्मे कोण होते?

त्यांचा जन्म २७ जुलै १९११ रोजी सातारा जिल्ह्यातील बुध गावी झाला. फर्ग्युसन महाविद्यालयातून १९३२ मध्ये पदवी घेऊन ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. नमुना निवडीचे शास्त्र नव्याने मांडणारे यर्झी नेमन तेव्हा तेथेच होते. १९३६ मध्ये सुखात्मे पीएच.डी. झाले आणि १९४० मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेत रुजू झाले.

आणेवारीत काय चुकत होते?

तोवर महसूल कर्मचारी नजरेने पीक आठ आणे की बारा आणे, हे ठरवत. तो अंदाज किती चुकला, हे कळायची सोयच नव्हती. सुखात्मे यांनी चिठ्ठी टाकल्यासारखी आधी गावे, मग शेते आणि शेवटी शेतातला ठरावीक मापाचा तुकडा निवडायला लावला. निवड कोणाच्या मर्जीवर नसल्याने चूक किती असू शकते, याचाही हिशेब मांडता येऊ लागला.

मोबाइल अ‍ॅप बनवणाऱ्यांपुढेही असाच पेच असतो. दहा सेटिंग आणि प्रत्येकीचे तीन पर्याय धरले, तरी ५९,०४९ जोड्या होतात. सगळ्या तपासायच्या म्हटल्या तर अ‍ॅप बाहेरच पडायचे नाही. त्यामुळे निवडक जोड्यांवरच भागवावे लागते. निवडीची रीत वेगळी, अडचण तीच.

वाद कशावरून झाला?

तुकडा केवढा असावा, यावरून. प्रशांतचंद्र महालनोबिस यांना लहान तुकडे पुरेसे वाटत, कारण त्यांत खर्च आणि वेळ वाचतो. १९४६ मध्ये सुखात्मे यांनी दाखवले, की लहान तुकड्यात उत्पादन फुगते. एक मीटर चौरसाला चार मीटर कड असते. दहा मीटर चौरसाला शंभरपट क्षेत्र, पण कड फक्त दहापट. कडेवरचे ताट आत धरायचा मोह कापणाऱ्याला होतोच, आणि लहान तुकड्यात ती चूक भारी पडते. हा वाद बरीच वर्षे चालला. विम्याच्या दृष्टीने मात्र तो आजही कोरडा नाही. उत्पादन फुगले, की भरपाई घटते.

पुढे काय केले?

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ते रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले आणि १९७१ पर्यंत सांख्यिकीचे काम पाहिले. जगातील दोन तृतीयांश लोक भुकेले आहेत, हा तेव्हाचा प्रचलित आकडा त्यांनी १९६१ मध्ये खोडून काढला. १९७१ मध्ये पद्मभूषण मिळाले. २८ जानेवारी १९९७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

मग शेतकऱ्यांची नाराजी का?

या पद्धतीतून मंडळाची सरासरी कळते, एका शेताचे नुकसान नाही. ओढ्याकाठचे रान खरवडून गेले, पण चिठ्ठी माळावरच्या शेताची निघाली, तर त्या नुकसानीची नोंद प्रयोगात होत नाही. सरासरी मात्र सगळ्यांना सारखीच लागू होते.