गॅलिलिओ आणि जडत्वाची गोष्ट



बस अचानक थांबली की आपण पुढे झुकतो, हे जडत्वाचं उदाहरण मुलं धडाधड सांगतात. पण या कल्पनेमागचा माणूस त्यांना क्वचितच भेटतो.

गॅलिलिओ गॅलिली यांचा जन्म १५ फेब्रुवारी १५६४ रोजी इटलीतील पिसा येथे झाला. वडील संगीतकार. मुलाने डॉक्टर व्हावं अशी त्यांची इच्छा होती, पण गॅलिलिओ गणितात रमले आणि पदवी न घेताच बाहेर पडले. पुढे ते पिसा येथे आणि १५९२ पासून १८ वर्षे पादुआ येथे गणित शिकवत होते.

ढकलणं थांबलं की वस्तू थांबते, असं तेव्हा मानलं जाई. गॅलिलिओंनी उतरणीवरून गोळे सोडले, पाण्याच्या घड्याळाने वेळ मोजली. समोरचा चढ जितका कमी, तितका गोळा लांब जाणार. मग चढही नाही आणि घर्षणही नाही, तर तो थांबेल कशाला?

हाच विचार पुढे कामी आला. पृथ्वी फिरत असेल तर मनोऱ्यावरून टाकलेला दगड मागे का पडत नाही, असं विरोधक विचारत. गॅलिलिओंचं उत्तर सोपं होतं. चालत्या जहाजाच्या डोलकाठीवरून सोडलेला दगड तिच्या पायथ्याशीच पडतो, कारण जहाजाची गती दगडातही असते. धावत्या रेल्वेत वर उडवलेलं नाणं आपल्याच हातात येतं, तसंच हे!

हे त्यांनी १६३२ च्या ग्रंथात मांडलं. पृथ्वी फिरते असं म्हटल्याबद्दल १६३३ मध्ये रोममध्ये खटला चालला. ६९ वर्षांच्या गॅलिलिओंना आपलं मत मागे घ्यावं लागलं आणि उरलेलं आयुष्य नजरकैदेत गेलं. तरी त्यांनी गतीवरचा ग्रंथ पूर्ण केला. १६३८ मध्ये तो हॉलंडमधील लायडन येथे छापला गेला, तेव्हा त्यांची दृष्टी गेली होती. ८ जानेवारी १६४२ रोजी त्यांचं निधन झालं. पुढे न्यूटन यांनी १६८७ मध्ये हीच कल्पना गतीचा पहिला नियम म्हणून मांडली.

वर्गात व्याख्या फळ्यावर लिहिण्याआधी एकाच उतरणीवरून चेंडू गोणपाटावर, सतरंजीवर आणि फरशीवर सोडून बघा. मग विचारा, फरशी याहून गुळगुळीत असती तर? उत्तर मुलांनाच शोधू द्या.