डॉ. सन यत्-सेन : चिनी प्रजासत्ताकाचे शिल्पकार

चीनमधील दोन हजारांहून अधिक वर्षांची सम्राटशाही फेब्रुवारी १९१२ मध्ये लयास गेली. तिच्याविरुद्ध दीर्घ काळ झुंजणारे डॉ. सन यत्-सेन आधुनिक चीनचे राष्ट्रपिता मानले जातात. मात्र जुने सिंहासन उलथविण्यापेक्षा त्याच्या जागी लोकांची सत्ता रुजविणे अधिक कठीण असते, याचा दाहक अनुभव त्यांच्याच वाट्याला आला.

१२ नोव्हेंबर १८६६ रोजी दक्षिणेकडील ग्वांगडोंग प्रांतातील एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वयाच्या तेराव्या वर्षी ते हवाई बेटांवर थोरल्या बंधूंकडे गेले. तेथे इंग्रजी शिक्षण घेतल्यानंतर १८९२ मध्ये त्यांनी हाँगकाँग येथे वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले.

त्या काळी बीजिंगमध्ये १६४४ पासून मांचूंच्या छिंग घराण्याची सत्ता होती. अफूच्या युद्धांतील पराभवांमुळे चीनला आपली बंदरे परकीयांना खुली करावी लागली होती. १८९५ मध्ये जपानकडून पराभव पत्करल्यावर तैवान गमवावे लागले आणि २० कोटी तैल चांदीची भरपाई मान्य करावी लागली. बॉक्सर बंडानंतर १९०१ मध्ये आणखी ४५ कोटी तैलांचा दंड बसला. हा सारा भार अखेर रयतेवरच पडला.

१८९४ मध्ये सन यांनी ज्येष्ठ मुत्सद्दी ली हुंगचांग यांना सुधारणांविषयी निवेदन पाठविले. त्याची दखल घेतली गेली नाही. त्याच वर्षी त्यांनी होनोलुलू येथे क्रांतिकारी संघटना स्थापन केली. १८९५ मधील कँटनचा उठाव फसला आणि ते परागंदा झाले. पुढील वर्षी लंडनमधील चिनी वकिलातीत त्यांना डांबण्यात आले. त्यांचे गुरू डॉ. जेम्स कँटली यांच्या धडपडीमुळे त्यांची सुटका झाली. १९०५ मध्ये टोकियोत विखुरलेले क्रांतिकारी गट त्यांच्या नेतृत्वाखाली एकवटले. राष्ट्रवाद, लोकशाही आणि जनतेची उपजीविका ही त्यांची त्रिसूत्री होती.

१९११ मध्ये दरबाराने प्रांतिक भागधारकांचे रेल्वेमार्ग ताब्यात घेताच सेचुआनमध्ये असंतोष भडकला. ऑक्टोबरमध्ये हांखौ येथे क्रांतिकारकांच्या बॉम्बचा अपघाताने स्फोट झाला आणि सदस्यांची यादी पोलिसांच्या हाती लागली. अटक अटळ दिसताच शेजारच्या वूचांगमधील सैनिकांनी १० ऑक्टोबरला बंड पुकारले. एकामागून एक प्रांत दरबारापासून फुटले. सन तेव्हा अमेरिकेत निधी गोळा करीत होते. उठावाची वार्ता त्यांना वृत्तपत्रातून कळली.

१ जानेवारी १९१२ रोजी नानकिंग येथे ते अस्थायी राष्ट्राध्यक्ष झाले. परंतु उत्तरेतील प्रबळ सैन्य सेनानी युआन शिकाई यांच्या हाती होते. यादवी टाळण्यासाठी, सम्राटाने पदत्याग केल्यास अध्यक्षपद युआन यांना देण्याचे सन यांनी मान्य केले. १२ फेब्रुवारीला सहा वर्षांच्या पू यी याच्या नावे पदत्यागाचे फर्मान निघाले आणि सन यांनी दिलेला शब्द पाळला.

युआन यांनी मात्र संसद मोडीत काढली आणि १९१५ च्या अखेरीस स्वतःच सम्राटपद धारण केले. प्रखर विरोधामुळे ते त्यांना सोडावे लागले. १९१६ मध्ये त्यांच्या निधनानंतर देश लष्करी सरदारांत विभागला गेला. सैन्याविना प्रजासत्ताक टिकत नाही हे उमगलेल्या सन यांनी १९२४ मध्ये व्हाम्पोआ येथे लष्करी प्रबोधिनी उभारली. देशाच्या एकीकरणाची बोलणी करण्यासाठी ते बीजिंगला गेले असताना तेथेच १२ मार्च १९२५ रोजी त्यांचे निधन झाले. परस्परविरोधी मार्गांनी गेलेले चीन आणि तैवान आजही त्यांना सारख्याच आदराने स्मरतात.